लाकूड कातायचा जुना लेथ घेताना



रब्बी उरकली की थोडी सवड मिळते. वाळलेल्या बाभळीच्या विळ्या-खुरप्यांच्या मुठी, लाटणी, खाटेचे पाय घरीच कातावेत, म्हणून काहीजण जुना लेथ पाहतात. विचार चांगला आहे, पण नुसता रंग पाहून पैसे मोजू नका.

लेथची एक बाजू मोटारीवर फिरते, दुसरी सरकते. सरकती बाजू जवळ आणा. दोन्हींची टोके बरोबर समोरासमोर भिडली पाहिजेत. मग पट्टा सैल करून फिरता दांडा हाताने हलवून बघा. डुगडुगला तर बेअरिंग झिजले समजा. बिडाच्या सांगाड्याला तडा असेल तर सरळ परत फिरा. शेवटी दहा मिनिटे चालवून घ्या. खडखड नको, बेअरिंग तापायला नको.

मोटार सिंगल फेजची बरी. वीज आपल्या दीपनगरला तयार होते खरी, पण शेतीपंपाच्या जोडणीवर लेथ चालवणे 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे अनधिकृत वापर ठरतो.

कातताना गळ्यात उपरणे नको, सैल बाह्या नकोत, डोळ्यांवर चष्मा हवाच. यंत्र जुने चालेल, पण बोट गेले तर नवे मिळत नाही.