मत आणि संमती

१९५६ सालच्या एप्रिल महिन्यात लोकसभेपुढे राज्य पुनर्रचना विधेयक आले. त्यात जुन्या मुंबई राज्यातून महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये आणि केंद्राच्या ताब्यातील मुंबई शहर असे तीन घटक दाखविले होते. मुंबईच्या विधिमंडळास मत विचारले गेले ते या आराखड्याविषयी. पुढे संसदेत दुरुस्ती झाली आणि ऑगस्टअखेर जो कायदा झाला, त्यात हे तिन्ही घटक नाहीसे होऊन विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ यांसह एकच विशाल द्वैभाषिक राज्य उभे राहिले. याच कायद्याने चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. ज्या स्वरूपाच्या राज्याविषयी विधिमंडळास विचारलेच नव्हते ते निर्माण करणे घटनेस धरून आहे काय, हा प्रश्न बाबुलाल पराते यांनी न्यायालयात नेला.

घटनेच्या तिसऱ्या कलमान्वये संसद नवे राज्य निर्माण करू शकते, असलेल्या राज्याचा प्रदेश तोडू शकते, त्याची सीमा आणि नावही बदलू शकते. असे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून मांडता येत नाही, आणि ज्या राज्यावर त्याचा परिणाम व्हावयाचा, त्याच्या विधिमंडळाकडे ते मतासाठी धाडावे लागते. १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने या मतास मुदतही घातली. मुदतीत उत्तर आले नाही म्हणून विधेयक अडत नाही. चौथ्या कलमाप्रमाणे असा कायदा घटनादुरुस्ती मानला जात नसल्यामुळे संसदेत साधे बहुमत पुरते.

सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या ऑगस्टमध्ये पराते यांचे अपील फेटाळले. मूळ प्रस्तावावर मत मागविले की अट पुरी झाली. संसदेतील प्रत्येक दुरुस्तीगणिक पुन्हा विचारावयाची गरज नाही, असा तो निर्णय होता. विधेयक दिल्ली आणि राज्याची राजधानी यांमध्ये अखंड येरझारा घालीत राहू नये, हे खरेच. तथापि जिचा आकार ठरावयाचा त्या प्रजेच्या दृष्टीने हे उत्तर कोरडेच म्हटले पाहिजे. २०१४ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने विभाजनाचे विधेयक नाकारले, फेब्रुवारीत संसदेने ते संमत केले, आणि २ जून रोजी तेलंगण अस्तित्वात आले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घटनेने राज्याच्या विधिमंडळाची संमती आवश्यक ठरविली आहे. (१८६३ मध्ये व्हर्जिनियातून पश्चिम व्हर्जिनिया वेगळे झाले, तेव्हा ही संमती यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने राहिलेल्या एका प्रतिसरकारने दिली, कागद तेवढा पुरा झाला.) तेथे आधी राज्ये होती, त्यांनी संघ केला. भारतात शेकडो संस्थाने विलीन करून नकाशा नव्याने आखावयाचा होता. प्रत्येकाच्या हाती नकाराधिकार दिला असता तर तो आखलाच गेला नसता.

गोव्याची गोष्ट मात्र निराळी. बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि १९६३ च्या कायद्याने त्यास विधानसभा मिळाली. परंतु १९६६ च्या अठराव्या दुरुस्तीने स्पष्ट केले की, मत विचारण्याच्या अटीपुरता ‘राज्य’ या शब्दात केंद्रशासित प्रदेश येत नाही. म्हणजे गोव्याचे विलीनीकरण करावयाचे तर गोव्यास विचारण्याचे बंधनच नव्हते. विधानसभेत बहुमत विलीनीकरणवाद्यांचे होते. असे असता संसदेने जनमत कौलासाठी स्वतंत्र कायदा केला. निवडणूक निःपक्षपाती व्हावी म्हणून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि १६ जानेवारी १९६७ रोजी मतदारांनी फूल व दोन पाने यांतून एकाची निवड केली. दोन पानांना, म्हणजे केंद्रशासित राहण्यास, १,७२,१९१ मते पडली, फुलास १,३८,१७०. अंतर ३४,०२१ मतांचे होते. हरलेल्या बाजूने हा कौल मानला, यातही गोव्याच्या लोकांचे श्रेय मोठे आहे.

३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. तेव्हापासून त्याच्या सीमेस हात लावावयाचा तर तेथील विधानसभेचे मत मागविणे केंद्रास भाग आहे. ते मानणे भाग नाही.