चुनकळीची उधारी

आज केमिस्ट्रीतला एक हिशोब बघूया, तोही चुन्याच्या पिंपातून.

लहानपणी गणपतीच्या आधी आमच्या घराला चुना लागायचा. आजोबा पाण्यानं भरलेल्या पिंपात थोडी थोडी चुनकळी सोडायचे आणि आम्हाला ओरडायचे, "लांब व्हा रे!" खाली जाळ नाही, तरी पिंप रटरटायला लागायचं. मला कळायचंच नाही, ही उष्णता येते कुठून?

ती येते भट्टीतून. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. १०० ग्रॅम चुनखडीची ५६ ग्रॅम चुनकळी होताना सुमारे १७८ किलोज्यूल ऊर्जा शोषली जाते. ही ऊष्माग्राही अभिक्रिया. म्हणजे चुनकळी उधारी घेऊनच भट्टीबाहेर पडते!

आता परतफेड. या ५६ ग्रॅमला पाणी मिळालं की साधारण ६५ किलोज्यूल बाहेर पडतात. तेवढ्यात कपभर पाणी जवळजवळ उकळेल. ही ऊष्मादायी अभिक्रिया. जुने बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते, त्यापेक्षा नवे जुळताना जास्त मिळते.

मग उरलेले ११३? ते भिंतीवर फिटतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडीच बनतो. हे इतकं हळूहळू होतं की भिंत गरम लागत नाही. ६५ अधिक ११३, झाले १७८! वाट कुठलीही असो, हिशोब जुळतोच. यालाच हेसचा नियम म्हणतात.

जाता जाता एक महत्त्वाचं. तंबाखूसोबत मिळणारा पुडीतला चुना आधीच विरवलेला असतो. तो तापत नाही, पण तीव्र अल्कली असल्यामुळे डोळा जाळतो. पुडी दाबताना लहान मुलांच्या डोळ्यांत तो उडतो आणि दृष्टी जाऊ शकते. म्हणून पुडी पोरांच्या हाती देऊ नका. चुना डोळ्यात गेलाच, तर चोळू नका. लगेच नळाच्या स्वच्छ पाण्यानं निदान २० मिनिटं डोळा धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.

"पण पाण्यानं चुनकळी तापते ना?" बरोबर. थोड्या पाण्यानं तापते. भरपूर वाहतं पाणी मात्र उष्णता आणि चुना, दोन्ही वाहून नेतं.

आजोबांचं "लांब व्हा" आता पटतं. हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटूच!