छायाचित्राची मागची बाजू

(हीरक महोत्सवानिमित्त घेतलेल्या छायाचित्र स्पर्धेच्या पारितोषिक वितरण समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अध्यक्षांनी मला मोजका वेळ दिला आहे. घंटा झाल्यावरही धडा पुरा करण्याची माझी खोड तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. आजही ती सुटेल याची खात्री मी देत नाही.

या स्पर्धेची कल्पना माझी नव्हे. जर्मनीतील एका विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीने गेल्या वर्षी मला कळवले की, तिच्या विद्यापीठात दरवर्षी एक छायाचित्र स्पर्धा होते. परदेशांतून तेथे आलेले आणि तेथून परदेशी जाऊन आलेले विद्यार्थी आपल्या अनुभवांची छायाचित्रे पाठवतात. निवडक छायाचित्रे ग्रंथालयाच्या भिंतीवर लावली जातात. युरोपात १९८७ साली विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना सुरू झाली. एका देशातील विद्यापीठात शिकता शिकता दुसऱ्या देशात काही महिने राहून येणे आता तेथे नित्याचे झाले आहे, आणि अशा स्पर्धाही त्याबरोबर रुजल्या आहेत.

तिने पाठवलेले छायाचित्र वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरातील एका फळीचे होते. फळीवर बरण्या, आणि प्रत्येक बरणीवर मालकाने आपापल्या लिपीत लिहिलेली चिठ्ठी. कोरियन, अरबी, स्पॅनिश; आणि मधोमध आपल्या देवनागरीत, ‘हळद. विचारल्याशिवाय घेऊ नये.’ तिला तिसरे पारितोषिक मिळाले. ‘परीक्षकांना चिठ्ठीतले काही कळले का ग?’ असे मी विचारले, तर म्हणाली, ‘बाई, कळले असते तर पहिले मिळाले असते!’

तेव्हा आपणही हीरक महोत्सवी वर्षात अशी स्पर्धा घ्यावी असे ठरले. शाळेचे जे विद्यार्थी शिक्षणासाठी परदेशी गेले त्यांनी आपले एकेक छायाचित्र पाठवावे, असे आवाहन केले. छायाचित्रे आली, भरपूर आली. आणि खरे सांगते, पहिल्या आठवड्यात माझा जरा हिरमोड झाला. मनोरा आणि मनोऱ्यापुढे आपला विद्यार्थी. पूल आणि पुलावर आपला विद्यार्थी. बर्फ, जाड कोट आणि त्यातून डोकावणारे अर्धे नाक. चेहरे झाकले असते तर कोणते छायाचित्र कोणाचे हे त्यांच्या आईलाही सांगता आले नसते. दोष मुलांचा नाही. आपण ठीक आहोत, सुखात आहोत, तुमचा पैसा वाया गेला नाही, हे घरच्यांना सांगण्यासाठीच ती छायाचित्रे काढलेली असतात.

त्याच आठवड्यात आपला एक जुना विद्यार्थी मला भेटायला आला. तो पोलाद कारखान्यात, म्हणजे आपल्या भाषेत प्लांटमध्ये, नोकरीला आहे. त्याची मुलगी आपल्याकडे सातवीत आहे. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून तो म्हणाला, ‘बाई, एक विचारू? राग मानू नका. जे गेले त्यांच्या छायाचित्रांनी भिंत भरणार. आम्ही इथेच राहिलो, म्हणून आमचा अल्बम कोरा धरायचा का?’

मी त्याला चहा दिला. उत्तर मात्र देता आले नाही. त्याचा प्रश्न रास्त होता. आपण मुलांना काही न बोलता शिकवून ठेवतो की, जो निघून गेला तो यशस्वी. मराठी शाळेने तर हे जपूनच बोलले पाहिजे. आपल्याकडे प्रवेशाला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न अलीकडे हाच असतो, ‘इथून शिकून मुलगा बाहेर जाऊ शकेल ना?’ त्यांना उत्तर म्हणून ही भिंत दाखवावी, असा मोह मलाही झाला होता. तो मी येथे कबूल करते.

त्या दोन दिवसांत मला सारखे एक जुने छायाचित्र आठवत राहिले. तुमच्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. १० ऑक्टोबर १८८५. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहर, पेनसिल्व्हेनियाचे स्त्री-वैद्यकीय महाविद्यालय. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात शेजारी शेजारी बसल्या आहेत. मधली जपानची केई ओकामी, तिच्या एका बाजूस दमास्कसची सबात इस्लामबुली, आणि दुसऱ्या बाजूस साडी नेसलेली आपली आनंदीबाई जोशी. परदेशी विद्यार्थ्यांचे महाविद्यालयाने कौतुकाने जपलेले इतके जुने छायाचित्र माझ्या पाहण्यात दुसरे नाही. खाली छापलेल्या ओळीत तिघींच्या नावांआधी ‘डॉक्टर’ लावले आहे. त्या दिवशी ती पदवी तिघींपैकी एकीलाही मिळालेली नव्हती. नावांची आणि गावांची अक्षरेही धड नाहीत. आनंदीबाई ज्या श्रीरामपूरहून, म्हणजे बंगालमधील सेरामपूरहून, निघाल्या त्या गावाचे नाव ओळखू येऊ नये असे छापले आहे.

आता त्या छायाचित्राच्या मागे काय होते ते पाहा. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही मुलगी. वयाच्या नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. पती गोपाळराव टपाल खात्यात. पत्नीने शिकावे या त्यांच्या ध्यासातून लिहिलेले एक पत्र अमेरिकेतील मिशनच्या मासिकात छापले गेले, आणि ते न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या दृष्टीस पडले, तेही दाताच्या डॉक्टरांकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना. त्यांनी पत्र लिहिले, आणि त्या पत्रव्यवहारातून समुद्रापलीकडे आनंदीबाईंना एक मावशी मिळाली. परदेशगमनाला विरोध इतका होता की, फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंना जाहीर भाषण करून आपण अमेरिकेला का जातो हे सांगावे लागले. सतरा वर्षांची मुलगी! मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन येथे राहीन, असे तिने भर सभेत सांगितले. एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून बोटीने निघाली, जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरली. गोपाळराव बरोबर नव्हते.

छायाचित्रातील आनंदीबाई वीस वर्षांच्या आहेत. मुद्रा शांत आहे. त्या थंडीने, परक्या अन्नाने आणि आजाराने त्यांचे शरीर आतून पोखरले जात होते, हे त्या मुद्रेवर कोठे दिसते? पाच महिन्यांनी, ११ मार्च १८८६ रोजी, त्यांना पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या सोहळ्यासाठी इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची नेमणूकही हाती आली. ती जागा त्यांना कधी सांभाळता आली नाही. परत आल्यावर तीन-साडेतीन महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यू यॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. शेजारी बसलेल्या दोघीही पुढे डॉक्टर झाल्या, ओकामी १८८९ मध्ये आणि इस्लामबुली १८९० मध्ये. एक टोकियोला परतली, दुसरी दमास्कसला.

मी हे छायाचित्र वर्षानुवर्षे आठवीच्या वर्गात दाखवत आले, आणि ‘पाहा, केवढी जिद्द!’ एवढेच सांगून पुढच्या धड्याकडे वळत आले. मागची बाजू मी मुलांना सांगितली नाही. लहान वयात कशाला सांगायचे, असे वाटत असे. आता वाटते, सांगायला हवे होते.

याचे कारण आमच्याच घरात आहे. माझे वडील प्लांटमध्ये होते. आपल्या गावाचा जन्मच परदेशाशी झालेल्या मैत्रीतून झाला, हे येथील मुलांना नव्याने सांगावे लागते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि चारच वर्षांत, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. येथील माणसे तिकडच्या कारखान्यांत शिकायला जात, तिकडची माणसे येथे सेक्टरांत राहत. माझे वडील गेले ते आज युक्रेनमध्ये असलेल्या एका पोलाद-शहरात. मी तेव्हा जन्मले नव्हते.

त्या दिवसांतले त्यांचे एक छायाचित्र आमच्या दिवाणखान्यात टांगलेले असे. बर्फात उभे, डोक्यावर केसाळ टोपी, एका बाजूस रशियन गडी, दुसऱ्या बाजूस भिलाईचेच एक बंगाली सहकारी. आणि बाबा मोकळेपणाने हसत आहेत. लहानपणी मैत्रिणी घरी आल्या की मी आधी ते छायाचित्र दाखवी. बाबा गेल्यावर चौकटीची काच बदलायला काढली, तेव्हा ते मी प्रथमच उलटून पाहिले. मागे शाईने एवढेच होते : ‘सर्व क्षेम. थंडी सोसते. काळजी नसावी.’ आणि खाली तारीख.

ती तारीख पाहून आई गप्प झाली. मग तिने सांगितले. बाबांची आई, म्हणजे माझी आजी, भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी वारली होती. पत्र बाबांच्या हाती पडेपर्यंत तेरावाही होऊन गेला होता. पत्र मिळाले त्याच आठवड्यातले हे छायाचित्र. टोपी आणि कोट त्या रशियन गड्याचे. आपण खचलो असे गावी वाटू नये, म्हणून ते मुद्दाम काढून घेतले होते. पुढे आयुष्यभर ते भिंतीवर राहिले, आणि आम्ही मुले त्यांना म्हणत राहिलो, ‘बाबा, रशियात किती मजा होती ना!’ ते ‘हो’ म्हणत.

तेव्हा आम्ही स्पर्धेचे नियम बदलले. पहिला बदल असा की, परदेशी गेलेच पाहिजे ही अट काढली. दुसऱ्या देशाच्या माणसाशी आपला खरा संबंध कोठेही आलेला असो, भिलाईत आला असला तरी चालेल. दुसरा बदल असा की, प्रत्येक छायाचित्राच्या मागे निदान चार ओळी लिहिल्याच पाहिजेत : ते कोणी काढले, आणि जे दिसत नाही ते काय. त्या ओळी मराठीत आणि देवनागरीत हव्यात. या दुसऱ्या नियमावरून मला बोलणी खावी लागली. ‘बाई, मुलांची सवय गेली,’ असे पालक म्हणाले. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी आली, ती मी परत पाठवली. हा हट्ट आहे, मान्य आहे. पण मग रात्री-अपरात्री फोन होऊ लागले. ‘बर्फ’मधला रफार कोठे द्यायचा हे टोरोंटोहून विचारले गेले, आणि इकडे नेहरूनगरात एका वडिलांनी चष्मा लावून शब्दकोश काढला. एवढ्यावर माझा हट्ट फिटला.

बदललेल्या नियमांनी काय काय आले ते मागच्या वर्गखोल्यांत आपण पाहालच. आल्या छायाचित्रांपैकी काही पाठीकडून वाचता यावीत म्हणून टांगून ठेवली आहेत. कृपया फिरून पाहावीत. तेच जुने मनोरेवाले छायाचित्र एका मुलाने पुन्हा पाठवले, मागे लिहिले की, ते काढून देणारा अनोळखी माणूस त्या महिन्यात त्याच्याशी बोललेला पहिला माणूस होता.

ज्याने मला तो प्रश्न विचारला, त्याने आईच्या ट्रंकेतून एक छायाचित्र आणले. सेक्टरमधल्या क्वार्टरचा व्हरांडा, संक्रांतीचे हळदीकुंकू. बायकांच्या रांगेत साडी नेसलेली एक उंच रशियन बाई, हातात तिळगूळ. मागे त्याने आईकडून ऐकून लिहिले आहे की, दोघींना एकमेकींची भाषा शेवटपर्यंत आली नाही. परत जाताना त्या बाईने स्वतःच्या लेकाचे लोकरीचे स्वेटर याच्यासाठी ठेवले, आणि ते घालून हा पहिलीत आपल्या शाळेत आला. या छायाचित्रास दुसरे पारितोषिक आहे. मैत्रीबागेत, त्या मैत्रीची आठवण म्हणून १९७२ साली उभ्या राहिलेल्या बागेत, आपण दरवर्षी सहली नेतो. पुढच्या सहलीला त्याने येऊन हे मुलांना सांगावे, असे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.

पहिल्या पारितोषिकाविषयी परीक्षकांत मतभेद झाला नाही. छायाचित्र म्हणून ते चांगले नाही. अंधुक आहे, हललेले आहे. फेब्रुवारी २०२२, खारकीव शहर. युद्ध सुरू झाले तेव्हा आपल्या देशाची हजारो मुले युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होती, आणि त्यांना परत आणण्यासाठी सरकारला ‘ऑपरेशन गंगा’ राबवावे लागले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. आपली एक विद्यार्थिनी त्यांत होती. वसतिगृहाच्या तळघरात, भिंतीला टेकून बसलेल्या पाच मुली. कोणाच्या खांद्यावर चादर, कोणाच्या मांडीवर बिस्किटांचा पुडा. पाचही जणी कॅमेऱ्याकडे पाहून हसत आहेत. हे छायाचित्र त्याच रात्री तिने आईला पाठवले होते. सोबतचा निरोप होता, ‘आम्ही मजेत आहोत. जेवलो.’

तो निरोप वाचताच बाबांची केसाळ टोपी माझ्या डोळ्यांपुढे आली. त्या रात्री काय होते, ते तिने आता, इतक्या दिवसांनी, मागे लिहिले आहे. चार ओळींचा नियम होता. तिने पूर्ण पान लिहिले आहे. ते तिच्या आईने अद्याप वाचलेले नाही. मी विचारले, आधी घरी दाखवतेस का? ती म्हणाली, नको बाई, शाळेतच वाचते; शाळेत मला वाचता येईल.

तिचे उरलेले शिक्षण आता दुसऱ्या देशात चालू आहे आणि सुटीवर ती घरी आली आहे. तिच्या आई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. ताई, आपणही वर या. अध्यक्ष महोदय, पारितोषिक देण्यापूर्वी तिला ते पान वाचू द्यावे, अशी विनंती करून मी माझी जागा सोडते.

ये, बाळ.