मीरतचा खटला आणि रशियातील क्रांती

दिल्लीच्या ईशान्येस सुमारे ७० किलोमीटरवर असलेले मीरत शहर सर्वांच्या स्मरणात आहे ते १० मे १८५७ रोजी तेथे झालेल्या शिपायांच्या उठावामुळे. त्यानंतर ७२ वर्षांनी त्याच शहरातील न्यायालयात दुसऱ्या एका क्रांतीची चर्चा सुरू झाली. ही क्रांती झाली होती दूर रशियात. पण तिची बाजू मांडणाऱ्यांत मराठी माणसे बरीच होती.

२० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली. श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, डॉ. गंगाधर अधिकारी, तसेच मुंबईच्या गिरण्यांत राबलेले आळवे आणि कासले यांना मीरतला नेण्यात आले. मॉस्कोच्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलशी संधान बांधून बादशहाची हिंदुस्थानावरील सत्ता उलथून टाकण्याचा कट त्यांनी केला, असा आरोप होता. आरोपींपैकी बहुतेकांनी मीरत कधी पाहिलेही नव्हते. परंतु मुंबईस वा कलकत्त्यास खटला चालवावा तर ज्यूरी नेमावी लागली असती, आणि ज्यूरी काय निर्णय देईल याची सरकारला खात्री नव्हती. आदल्याच वर्षी मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप चालविला होता. सरकारच्या भीतीचे खरे मूळ तेथे होते.

रशियातील घडामोडींचे महाराष्ट्राला एवढे आकर्षण का वाटावे? झार दुसरा अलेक्झांडर याने १८६१ साली भूदास मुक्त केले. मात्र मिळालेल्या जमिनीपोटी शेतकऱ्यांच्या मानेवर हप्त्यांचे जोखड बसले. पोट भरेना म्हणून खेड्यातला माणूस पीटर्सबर्ग-मॉस्कोच्या कारखान्यांत आला. त्याचे एक पाऊल शहरात, तर दुसरे गावी असे. कोकणातून आणि घाटावरून लालबाग-परळच्या चाळींत आलेल्या कामगाराला ही कहाणी परकी वाटणे शक्यच नव्हते. पुढे महायुद्धाने रशियाची उपासमार झाली. १९१७ च्या मार्चमध्ये झार निकोलस पदच्युत झाला, आणि नोव्हेंबरात शांतता, जमीन व भाकरी यांची हाक देणाऱ्या बोल्शेविकांनी सत्ता घेतली. लोकमान्यांच्या ‘केसरी’ने १९१८ च्या जानेवारीतच लेनिनची ओळख मराठी वाचकांस करून दिली. त्याआधी, १९०८ साली, लोकमान्यांच्या शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या कामगारांनी केलेल्या संपाची दखल लेनिनने घेतली होती.

मीरतच्या आरोपींनी पिंजऱ्याचेच व्यासपीठ केले. त्यांनी दिवसचे दिवस निवेदने केली, आणि ती वृत्तपत्रांत छापून आली. जो विचार दडपावयाचा, त्याचाच प्रसार सरकारच्या खर्चाने झाला! डॉ. अधिकारी यांनी कम्युनिस्ट जाहीरनाम्याचा मराठी अनुवाद केला तोही याच बंदिवासात. धुंडिराज ठेंगडी मात्र खटला चालू असतानाच निवर्तले. १६ जानेवारी १९३३ रोजी निकाल लागला. मुजफ्फर अहमद यांना जन्मठेप, तर डांगे, जोगळेकर, निंबकर यांना १२ वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने त्याच वर्षी या शिक्षा पुष्कळच कमी केल्या.

परंतु कथेची दुसरी बाजू रशियातच आहे. बोल्शेविकांना बहुमत न मिळालेली घटना समिती १९१८ च्या जानेवारीत, एका बैठकीनंतर, बरखास्त झाली होती. आणि मीरतला जी चार वर्षे नव्या रशियाचे गुणगान चालले होते, नेमक्या त्याच वर्षांत स्टालिनच्या राजवटीने शेतकऱ्यांना मिळालेली जमीन सक्तीने सामुदायिक शेतीत ओढली. १९३२-३३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. सरोजिनी नायडू यांचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय क्रांतीच्या ओढीने रशियात राहिले होते. १९३७ साली त्याच राजवटीने त्यांना देहान्त शासन दिले. दुरून डोंगर साजरे, ही म्हण येथे फार महाग पडली.

म्हणून मीरतच्या आरोपींचा त्याग व्यर्थ ठरतो काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. राबणाऱ्याला त्याच्या श्रमाचे फळ का मिळू नये, हा प्रश्न त्यांनी परक्या सत्तेच्या तोंडावर विचारला, आणि तो रास्त होता. उत्तर मात्र त्यांनी ज्या देशाकडून घेतले, तेथे तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची सोय राहिली नव्हती. परक्या राजाच्या न्यायालयातही, ज्यूरी नाकारली गेली असतानाही, आरोपीला आपला विचार उघडपणे मांडता आला, आणि वरच्या न्यायालयात दाद मागता आली. मॉस्कोत १९३६ ते १९३८ या काळात जे खटले चालले, त्यांत जुने क्रांतिकारक पिंजऱ्यात उभे राहून न केलेले गुन्हे कबूल करीत होते.

सोव्हिएत संघराज्य १९९१ साली विसर्जित झाले. मीरतच्या खटल्याची कागदपत्रे मात्र अजून वाचता येतात. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. भाकरीसाठी माणसे राज्य उलथवितात, हे खरे. पण नव्या राज्यालाही जाब विचारण्याचा हक्क हातचा गेला, तर भाकरी मागणारा पुन्हा आरोपीच ठरतो.