तिळातिळानं वाढणारी रेघ

श्रोतेहो, संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवताना घरातलं वडीलधारं माणूस एक वाक्य हमखास बोलतं : ‘आता दिवस तिळातिळानं मोठा होणार.’ कवीला हे वाक्य आवडावं यात नवल नाही. पण आज मला त्यातलं गणित सांगायचं आहे. मी बी.ए. झालेला, कला शाखेचा माणूस. गणितावर अधिकारानं बोलावं अशी माझी योग्यता नाही. तरी बोलतो आहे, कारण हे गणित आपल्या अंगणात रोज घडतं आणि त्याचं नाव ऐकलं की मुलांच्या पोटात गोळा येतो. त्याचं नाव : त्रिकोणमितीय फलांचे आलेख.

आमचं गाव नांदे. पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यातलं. नावातच नांदणं आहे. शहर अगदी वेशीपर्यंत आलं असलं तरी सूर्य मात्र अजून जुन्याच वेळापत्रकानं उगवतो. आमच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमाराला असतो, साधारण ११ तासांचा. सर्वांत मोठा २१ जूनच्या सुमाराला, साधारण सव्वातेरा तासांचा. मधल्या दिवसांचं काय होतं? मोठं होणं रोज सारखंच असतं का?

हिशेब करून पाहा. २२ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंतच्या २४ दिवसांत दिवस वाढतो जेमतेम साडेपाच मिनिटं. पुढच्या २४ दिवसांत सुमारे १६ मिनिटं. त्याच्या पुढच्या २४ दिवसांत सुमारे २४. मार्चच्या २१ तारखेजवळ रोज मिनिटाहून थोडी जास्त भर पडते. मग वेग मंदावत जातो आणि जूनमध्ये दिवस जणू थबकून उभा राहतो. तिथून उतरण. म्हणजे आपल्या आजीचं ‘तिळातिळानं’ तंतोतंत बरोबर आहे. संक्रांत येते ती उतार संपून चढ नुकताच लागलेला असताना. तिथे वाढ तिळाएवढीच असते. कागदावर आडवे महिने आणि उभे तास घेऊन ठिपके मांडले, तर जी डौलदार लाट उमटते ती जवळजवळ साइनची लाट असते.

आमच्या गल्लीतली एक मुलगी गेल्या वर्षी अकरावी विज्ञानला गेली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुढे गणित एकदम इंग्रजीतून. एके दिवशी वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘चाचा, ही लाट कधी वर सरकवायची, कधी बाजूला, कधी ताणायची. कशासाठी? नुसतं पाठ करायचं का?’ मुलगी हुशार. पण गणित सोडून द्यावं की काय, या विचारापर्यंत ती आली होती. अशी मुलं गावोगाव आहेत, आणि मधल्या मध्ये गणित सुटलं की पुढचे कितीतरी दरवाजे आपोआप बंद होतात. मी तिला भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिलं. त्यात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा होत्या. तिच्या चारही प्रश्नांची उत्तरं आम्हाला त्या लाटेत सापडली. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, उंची. आमच्या लाटेची मधली रेघ १२ तास ७ मिनिटांवर आहे. तिथून वर ६७ मिनिटं, खाली ६७ मिनिटं. या ६७ला आयाम म्हणतात. आता हीच लाट लंडनला न्या. तिथे जूनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरचा आठ तासांहूनही लहान. आयाम गेला जवळजवळ साडेचार तासांवर. विषुववृत्तावर जा, लाट सपाट होते. लाट तीच, उत्तरेकडे निघालं की ती उभी ताणली जाते. साइनच्या मागे लिहिलेला आकडा एवढंच काम करतो.

दुसरी गोष्ट, लाट उचलणं. मधली रेघ बरोबर १२वर का नाही? हवेमुळे प्रकाश वाकतो आणि सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो. शिवाय उदय-अस्त आपण सूर्याच्या वरच्या कडेवरून मोजतो. त्यामुळे सगळी लाट सात मिनिटांनी वर उचलली जाते. याहून मोठं उदाहरण माझ्या घरातलं आहे. रोजा सुरू होतो पहाट फुटण्याआधी आणि सुटतो सूर्यास्ताला. आमच्याकडे पहाटेचा तो तुकडा वर्षभर साधारण एक तास वीस मिनिटांचा असतो. फरक पडतो तो थोड्याच मिनिटांचा. म्हणजे दिवसाची लाट ८० मिनिटांनी वर उचला, की रोजाची लाट तयार. जूनमध्ये साडेचौदा तासांहून जास्त, डिसेंबरमध्ये सव्वाबाराच्या पुढे-मागे.

आणि रमजान या लाटेवर वर्षानुवर्षं मागे सरकत जातो. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २००० साली रमजान जवळजवळ सगळा डिसेंबरात होता, २०१६ साली जूनमध्ये आणि २०३३ साली तो पुन्हा नोव्हेंबर-डिसेंबरात असेल. सुमारे ३३ वर्षांत एक फेरी पुरी होते. लाट ज्याला जितकं उपाशी ठेवते तितकंच कधीतरी सवलतीनं परत देते. हा न्याय मला फार मोठा वाटतो.

तिसरी गोष्ट, बाजूला सरकणं. मुलांचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. वजा ८० लिहिलं की लाट उजवीकडे, म्हणजे पुढे का जाते? वजा म्हणजे मागे ना? उत्तर सोपं आहे. साइन शून्यापासून चढू लागते. आपली लाट मधल्या रेघेवरून चढू लागते ती २१ मार्चला, म्हणजे वर्षाच्या ८०व्या दिवशी. ८०व्या दिवशी शून्य यायला हवं, तर दिवसाच्या क्रमांकातून ८० वजा करायलाच हवेत. आपण मोजणीतून वजा करतो, म्हणून लाट तितकी उशिरा सुरू होते. सिडनीला गेलेल्या मराठी कुटुंबाला हीच लाट अर्धं वर्ष सरकलेली भेटते. आपल्याकडे दिवस लहान होत असताना त्यांचा मोठा होत असतो. आणि सरकण्याचा सर्वांत संथ नमुना म्हणजे आपली संक्रांत. सुमारे १७०० वर्षांपूर्वी ती सर्वांत लहान दिवसाजवळच होती. आपलं पंचांग सूर्याचं स्थान ताऱ्यांच्या संदर्भात मोजतं आणि पृथ्वीचा अक्ष हळूहळू भोवऱ्यासारखा घुमतो, म्हणून साधारण ७० वर्षांत एक दिवस या गतीनं ती पुढे सरकत जानेवारीच्या मध्यावर आली.

चौथी गोष्ट, दाटी. दिवसाच्या लाटेची एक फेरी पुरी व्हायला वर्ष लागतं. तुमच्या घरातल्या विजेच्या तारेत तशाच लाटेच्या सेकंदाला ५० फेऱ्या होतात. आकार तोच, आडव्या अंगानं दाबलेला, एवढंच.

आता एक शब्दाची गोष्ट, कारण शब्द हे माझं काम. दहावीच्या भूमितीत वर्तुळाच्या धड्यात ‘जीवा’ येते. जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आपल्या ज्योतिर्विदांनी अर्ध्या दोरीची कोष्टकं केली. आर्यभटाच्या ग्रंथात, म्हणजे इसवी सन ४९९च्या सुमाराला, ती आहेत. आठव्या शतकात हे ज्ञान बगदादला पोचलं आणि अरबांनी जीवाचं ‘जीबा’ केलं. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. पुढे ती अक्षरं ‘जैब’ अशी वाचली गेली. जैब म्हणजे कपड्याची छातीजवळची घडी, गळा. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याचा शब्दश: अर्थ घेतला : सायनस. त्याचीच साइन झाली. आमच्या घरच्या दखनीत खिशाला जेब म्हणतात, तीही त्याच जैबची लेक. म्हणजे भूमितीच्या तासाला शिकलेली जीवा, त्रिकोणमितीची साइन आणि माझ्या सदऱ्याची जेब, ही एकाच कुळातली मंडळी आहेत. हे कळलं तेव्हा त्या मुलीला इंग्रजी पुस्तकातला शब्द परका वाटेनासा झाला.

त्याच बाराव्या शतकात आपल्याकडे भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला; साल ११५०. त्यात दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे : लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण मठाला कोणी काय द्यायचं तो भाग जुन्या मराठीत आहे. तेलाच्या घाण्यांकडून ठरावीक तेल, व्यापारउदिमातून ठरावीक वाटा. ज्याच्या घाण्याचं तेल त्या विद्येच्या दिव्यात जळणार, त्याला त्याच्या भाषेत सांगणं तेव्हा गरजेचं वाटलं होतं. मग आज त्या घाणेवाल्याच्या वंशातल्या मुलीला ती विद्याही तिच्या भाषेत समजावून सांगायला काय हरकत आहे? परीक्षा तिनं खुशाल इंग्रजीत द्यावी. पण समजणं आधी घरच्या भाषेत व्हावं.

श्रोतेहो, खर्च फक्त एका आलेख-कागदाचा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरातून किंवा मशिदीतल्या वेळापत्रकातून दर महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेचा सूर्योदय-सूर्यास्त मुलांना लिहून घ्यायला सांगा. ३६ ठिपके होतील. ते जोडू द्या. मग ताळा करून पाहा : दिवसाच्या क्रमांकातून ८० वजा करा, ३६०नं गुणून ३६५नं भागा, त्या कोनाची साइन ६७नं गुणा आणि आलेली मिनिटं १२ तास ७ मिनिटांत मिळवा. १५ ऑगस्ट हा २२७वा दिवस. उत्तर येतं १२ तास ४५ मिनिटं. कॅलेंडरशी ताडून पाहा. पुण्याच्या आसपास राहत असाल तर फरक एखाद-दुसऱ्या मिनिटाचाच निघेल. त्या क्षणी मुलांचे चेहरे जरूर बघा.