आपले काम कोण दाखवणार?

(राजुरी, ता. जुन्नर येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो,

आत्ता आपण पाहिलेला 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा माहितीपट १९८२ सालचा, निपाणीच्या तंबाखू कारखान्यांतील बायकांचा. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या 'युगांतर' गटाने तो केला. आधी १९८१ मध्ये पुण्याच्या घरकामगार बायकांबरोबर त्यांनी 'मोलकरीण' केला होता.

एरवी माहितीपटात पडद्याआडचा जाणकार बोलतो, राबणाऱ्या बायका मुकाट दिसतात. युगांतरने हे उलटे केले. गट चार महिने निपाणीच्या बायकांबरोबर राहिला. आधी ऐकून घेतले. मग कारखान्यात काय टिपायचे ते बायकांनीच दाखवून दिले. हा त्या काळी नवाच प्रयोग होता.

आता आपले पाहू. आपल्या भागात कांदा, टोमॅटो, द्राक्षे पिकतात. खुरपणी, काढणी, तोडणी कोण करते? आपणच. पण शेतीच्या व्हिडिओत बोलतो बागायतदार. बाई दिसते ती वाकलेली, पाठमोरी. बाईची हजेरी पुरुषापेक्षा कमी का, हे त्यात कोणी विचारत नाही.

मोबाइल आता आपल्याही हातात आहे. पण चित्रण करण्याआधी एकत्र बसून ठरवू या: काय दाखवायचे, कोण बोलणार, कोणाला दाखवायचे. जिचा चेहरा दिसेल तिचे उद्याचे काम जाऊ शकते. तिच्या होकाराशिवाय कॅमेरा सुरू करायचा नाही.

निपाणीच्या बायका कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या पाठीशी संघटना होती. म्हणून आधी एकी, मग कॅमेरा.