कांदा-लसूण नाही, तरी चव आहे

आज बोलायचंय पोटाबद्दल. जेवलं की पोट फुगतं, कळ येते, कधी जुलाब, तर कधी चार-चार दिवस पोट साफ होत नाही. हे आपण कुणाला सांगत नाही, लाज वाटते. मी तीन वर्षं ओवा चावून काढली. गटाच्या बैठकीत दाराजवळ बसायचे, पटकन उठता यावं म्हणून.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. तपासण्या झाल्या. जखम नाही, गाठ नाही, आतडं नाजूक झालंय, असं ते म्हणाले. याला आयबीएस म्हणतात. मग आहारतज्ज्ञ बाईंनी मला ‘लो फॉडमॅप’ आहार सांगितला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात तो तयार झाला. फॉडमॅप म्हणजे अन्नातल्या काही साखरा. त्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, पाणी ओढून घेतात. पुढे मोठ्या आतड्यातले जंतू त्या आंबवतात आणि वायू धरतो. आतडं नाजूक असेल तर हे सोसवत नाही. या साखरा गव्हात, हरभऱ्यात, राजम्यात, दुधात असतात. आणि यादीत वरचं नाव कुणाचं? आपल्या कांद्या-लसणाचं!

आठ दिवस मी नुसता हळद-मिठाचा भात खाल्ला. घरच्यांना झणझणीत कालवण, माझ्या ताटात फिकं. नवव्या दिवशी वैतागून कांदाभजी खाल्ली आणि रात्रभर तळमळले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, नैवेद्यात आपण कांदा-लसूण कुठं घालतो? चातुर्मासात मी चार महिने कशी रांधते?” खरंच की! कांदेनवमीला पोटभर कांदा खाऊन पुढे चार महिने त्याच्याविना चवीचं जेवणारी माणसं आपण. बिनचवीचं पथ्य फार दिवस टिकत नाही, म्हणून चवीची सोय आधी करायची.

पहिली सोय हिंगाची. तापल्या तेलात चिमूटभर हिंग घातला की लसणाची आठवण भागते. चिमूटभरच घाला, कारण डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. गव्हाची अॅलर्जी किंवा सीलिअॅक आजार असेल, तर तो हिंग नको.

दुसरी युक्ती नीट ऐका. लसणातली ती साखर पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून रश्श्यात लसूण शिजवून नंतर काढला तरी त्रास होतोच. पण नुसत्या तेलात ठेचलेल्या पाकळ्या मंद आचेवर लालसर करा, सगळ्या काढून टाका, मग त्या तेलात मोहरी-जिरं घाला. वास लसणाचा, त्रास नाही. हे तेल लागेल तेवढंच आणि ताजं करा. बाटलीत भरून ठेवू नका, त्यात विषारी जंतू वाढू शकतात.

तिसरं, पातीच्या कांद्याची हिरवी पात चालते, खालचा पांढरा कांदा नाही. शिवाय आलं, कढीपत्ता, कोथिंबीर, धने-जिरं, मिरी, आमसूल, लिंबू आहेतच. भाजलेल्या तीळ-शेंगदाण्याच्या कुटानं वांग्याच्या रश्श्याला दाटपणा येतो. गोडा मसाला घरी करत असाल तर उत्तम. कांदा-लसूण मसाला मात्र बाजूला ठेवा. विकतच्या पाकिटावर काय-काय घातलंय ते वाचून घ्या. तिखट बेतानं घाला, जास्त झालं तर तेही पोटाला लागतं. भाकरी ज्वारीची, नाचणीची किंवा तांदळाची.

“माझ्या एकटीसाठी वेगळं कोण रांधणार?” असं मनात आलं ना? वेगळं रांधू नका. मूगडाळ शिजली की आपली छोटी वाटी आधी काढा, तिला हिंग-जिऱ्याची फोडणी द्या. उरलेल्या डाळीत घरच्यांसाठी कांदा-लसूण घाला. चूल एक, पातेलं एक.

हे पथ्य जन्मभराचं नाही. 2 ते 6 आठवडे पाळायचं, मग एकेक पदार्थ थोडा-थोडा खाऊन बघायचा. जे सोसतं ते परत ताटात घ्यायचं. पोटातल्या चांगल्या जंतूंनाही या पदार्थांची गरज असते. मला गहू थोडा चालतो, कांदा नाही, हे मला असंच कळलं.

शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, ताप येत असेल, रक्त कमी झालं असेल, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू झाला असेल, तर पथ्याआधी डॉक्टर गाठा. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि अशक्त बायांनी, तसंच लहान मुलांसाठी, हे मनानं करू नका.

पुढच्या बैठकीत कुणी दाराजवळ बसलेली दिसली, तर तिच्याशेजारी जाऊन बसा आणि हळूच विचारा.